उलट्या पिळाची तार

इस्माईलचाचा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं, "बाई, हा मडगार्ड ह्या गाडीचा नाय."

मी नुकतीच त्यांच्या शेजारी राहायला आले होते. ओळख ना देख, आणि हा पांढऱ्या दाढीचा उंच गृहस्थ कुंपणावरून हात लांबवून माझ्या स्कूटरवर टिचक्या मारत होता. स्कूटर जुनी घेतलेली, पण विकणाऱ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की तिला ओरखडासुद्धा गेलेला नाही. चौकशी केली तेव्हा ती एकदा दगडी गडग्यावर आपटल्याचं निघालं. मी चिडले मात्र चाचांवर. विकणारा लबाड देवरूखला, चाचा हाताशी.

"असल काय?" म्हणजे अस्सल आहे का, हे त्यांचं पालुपद. बाजारात सुरमईचे कल्ले उचलून तिलाच विचारल्यासारखं विचारायचे. लग्नाला गेले की नवरानवरीला भेटण्याआधी स्टेजवरचे गुलाब चिमटीत धरून बघायचे. आंब्याच्या दिवसांत हातखंब्याच्या फाट्यावर बाहेरचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून विकणारे चाचांना लांबून पाहिलं की पेट्यांवर गोणपाट टाकायचे. कारण चाचा देठाजवळ नाक नेऊन मुंबईच्या गिऱ्हाइकाला प्रेमाने सांगत, "आंबा चांगला हाय, पन हा रत्नागिरीचा नाय. पाव्हणा हाय तुमच्यासारखा."

चाची म्हणायच्या, "निकाहाच्या वक्ताला ही खोड नव्हती म्हणून बरं. नाय तर माझे दात हलवून बगितले असते."

ही खोड आखातातली. चाचांचं निम्मं आयुष्य तिथे एका शेखाच्या गॅरेजात गेलं. शेखाला जुन्या रेसच्या गाड्यांचा नाद. त्यातली एक हिरवी, बिनछपराची गाडी चाचांच्या ताब्यात होती. तिला ते म्हातारी म्हणत. आणि म्हातारीच्या प्रत्येक गोष्टीत कुट्टी यायचा, तोही शिव्या खात. कुट्टी म्हणजे त्यांचा जोडीदार, केरळचा. रेसच्या गाडीत हादऱ्याने नट सैल होतात, म्हणून दोन नट बारीक तारेने एकमेकांना बांधतात आणि तारेला पीळ देतात. गॅरेजातले सगळे एका बाजूला पिळायचे. कुट्टी डावखुरा, तो दुसऱ्या बाजूला.

"उलटा मानूस, उलटा पीळ," चाचा म्हणत. "किती शिकवला, पन नाय."

शेख वारला, मुलांनी गाड्या विकून टाकल्या, दोघे आपापल्या गावी परतले. कुट्टीचा फोन दर शुक्रवारी यायचा. करोनाच्या दिवसांत तो बंद झाला, आणि मग तो नंबरच राहिला नाही. जुन्या ओळखीतल्या एकाने कळवलं, कुट्टी गेला. दुसऱ्याने कळवलं, परदेशात आहे. टिचकी मारून मडगार्ड ओळखणाऱ्या माणसाला या दोन बातम्यांतली खरी कोणती, हे ओळखायचा काही मार्ग नव्हता. आम्ही कुट्टीचं नाव काढलं की चाचा उठून उगीच नळ घट्ट करायचे. त्यांच्या घरातला एकही नळ त्या दिवसांत गळत नव्हता.

यंदा आंबे उतरत असताना मोबाइलवर बातमी वाचली, की म्हातारी जिथे जन्मली त्या विलायतेतल्या कारखान्याने तशाच गाड्या पुन्हा बांधायला घेतल्यात. जुने नकाशे, हाताने ठोकलेला पत्रा, गाड्यांवरचे नंबरही जिथे थांबले होते तिथून पुढचे. चाचांना डिवचायची अशी संधी मी सोडणार नव्हते.

"नक्कल," ते म्हणाले.

"कारखाना तोच, नकाशे तेच. नक्कल कशी?"

"म्हातारी रेसमदी पळलेली हाय. ह्या पोरी कुठं पळल्या? नुसत्या नटून बसल्यात."

"तुम्ही म्हातारीचं इंजिन बदललं होतं ना? आणि पुढचा सगळा पत्रा? मग ती तरी असल कशी?"

"बदलला तो आमी. तिच्यासमोर. ती बगत होती."

तरी मी शेवटचा बाण सोडला. म्हटलं, "आपले हापूस सगळे कलमीच. एका झाडाची काडी दुसऱ्यावर बांधलेली. त्यांना कोणी नक्कल म्हणतं का?"

"कलम जित्या झाडाचं बांधतात, बाई. वठलेल्या झाडाची काडी कोन बांधतो?"

मी हरले. हरल्यावर माणूस करतो तेच केलं, कारखान्याचा व्हिडिओ लावून मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, शिव्या तरी नीट बघून द्या. चाचांनी दिल्याही. रंग चुकला, चामडं चुकलं, हसतोय तो मानूससुद्धा चुकला. कॅमेरा इंजिनावर गेला आणि शिव्या थांबल्या.

"मागं घ्या. आता मोठं करा."

दोन नट, मधे तार. पीळ उलटा.

चाचांना नसती आशा लावायची नव्हती. म्हटलं, "चाचा, जगात डावखुरे काय थोडे आहेत?"

"डावरे खूप असतील. पन टोक बगा."

तारेचं टोक आत वळवून दोनदा दुमडलेलं होतं. "एकदा टोकानं माझं बोट फाटलं. तवापास्नं तो दुमडतो. कोनी सांगितला नव्हता त्याला." चाचा मोबाइल दोन्ही हातांनी धरून बसले. मला तो परत मागवेना.

कारखान्याला मेल मी लिहिला. उत्तर येईपर्यंत चाचांनी माझ्या घरचे नळही घट्ट केले. एक तर असा आवळला की पुढे प्लंबर आणावा लागला. मग उत्तर आलं, आणि त्यामागोमाग एका दुपारी खुद्द कुट्टीचा व्हिडिओ कॉल. त्याची मुलगी तिकडे नर्स आहे, तिच्याकडे तो कायमचा गेला होता. विमानतळावर फोन हरवला, त्यातच चाचांचा नंबर. घरी बसवेना म्हणून कारखान्यात हात चालवायला जाऊ लागला. हे सगळं मला नंतर कळलं. आधी चाचांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन कुट्टीला आंब्यासारखं निरखून घेतलं.

"अब्बी भी उल्टा मारता है?" चाचांनी दरडावलं.

"तुमारा उंगली ठीक है?" कुट्टीने विचारलं.

पुढचं मी ऐकलं नाही. चाची रडत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसले. इतकं हलकं मला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही कधी वाटलं नव्हतं.

फोन झाल्यावर चाचा पडवीत आले. चाचींनी चहा दिला. मला राहवलं नाही. "मग काय चाचा, काडी जिवंत निघाली. आता गाडी असल की नक्कल?"

"गाडीचं मागनं बगू," ते म्हणाले. त्यांनी कपावर बशी झाकली. मग म्हणाले, "बाई, इतकी सालं रोज नमाज झाली की त्याच्यासाठी हात उचलायचो. पन मागायचं काय, तेच मना ठावं नव्हतं. जित्यासाठी मागायचं ते येगळं, मेलेल्यासाठी येगळं. नुसतं नाव घ्यायचो नि हात खाली करायचो."

तेवढ्यात असरची, दुपारनंतरच्या नमाजाची, बांग झाली. चहा तसाच ठेवून चाचा उठले, आणि मशिदीकडे जरा घाईनेच निघाले.