माणिकरावांचे चार तालुके

११ जानेवारी १९८६, शनिवार. गॅरेजमधल्या डीप फ्रीजरचा बर्फ खरवडत होते. मटारच्या पिशव्या, गेल्या दिवाळीचं खवलेलं खोबरं आणि आत काय आहे ते कुणालाच सांगता येणार नाही असा एक डबा, हे सगळं जमिनीवर मांडलं होतं. तेवढ्यात माणिकराव बिराजदारांची पिकअप दारात येऊन थांबली, आणि हॉर्न वाजला नाही.

हे नवीन होतं. माणिकरावांचा हॉर्न एकदा वाजला तर चहा, दोनदा वाजला तर कुत्रं फाटलंय. दोनदा वाजला की मी हात धुऊन गॅरेजमधलं टेबल मोकळं करायचे. मग एखादं लांबलचक कुत्रं दोन्ही हातांवर आडवं घेऊन माणिकराव आत यायचे. "सिस्टर, काटेरी तार," एवढंच म्हणायचे. मी नर्स आहे, पण माणसांची. जनावरांचे डॉक्टर शेजारच्या गावात आहेत, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल.

"ते बैलांचे डॉक्टर. पोतं शिवल्यासारखं शिवतेत. तुमचा टाका बारीक. बाकी तुमची मर्जी."

'बाकी तुमची मर्जी' म्हणजे माझी मर्जी संपली. कुत्रं जखमी असेल तर मी सिस्टर, एरवी वहिनी.

माणिकराव मूळचे उदगीरकडचे. इथे पश्चिम कॅन्ससमध्ये आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पुलांची तपासणी त्यांच्याकडे. आठवडाभर पुलाखाली वाकून तडे बघायचे आणि शनिवारी कुत्री घेऊन कोयोटच्या मागे जायचं. कोयोट म्हणजे आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं जनावर. मेंढ्यांची कोकरं उचलतं, म्हणून इथल्या शेतकऱ्यांचा त्याच्यावर राग. पिकअपच्या मागे प्लायवूडचं खोकं, खोक्याला दोन्ही बाजूंनी दारं, दारांच्या दोऱ्या ड्रायव्हरच्या खिडकीशी. गव्हाच्या रानात कोयोट दिसला की दोरी ओढायची. दार धाडकन पडतं आणि कुत्री सुटतात.

कुत्री चार. औसा, निलंगा, अहमदपूर आणि उदगीर. नावं ठेवताना त्यांनी तालुक्यांपलीकडे विचारच केला नव्हता. आमच्या गल्लीत संध्याकाळी "अहमदपूर, गप बस!" अशी हाक ऐकू यायची. त्यांच्याबरोबर शिकारीला जाणारा अर्ल नावाचा म्हातारा शेतकरी आहे. तो आता गाडीतल्या बोलायच्या रेडिओवरून बिनचूक "धर! धर!" असं ओरडतो. त्याच्या स्वतःच्या कुत्र्यांना त्यातलं काही कळत नाही.

गंमत पुढेच आहे. माणिकराव लिंगायत, घराणं कडक शाकाहारी. अंडं घातलेला केक वाढला तर बशी हळूच माझ्याकडे सरकवणार. विचिटा शहरातल्या मराठी लोकांच्या गणपतीत त्यांना 'आपले पूल' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. पुलांवर ते पाच मिनिटं बोलले आणि कुत्र्यांवर चाळीस. शेवटी मुंबईच्या एका काकूंनी विचारलं, "अहो, पण तुम्ही शाकाहारी ना? मग हे काय?"

"मी कुठं खातो त्याला?" माणिकराव म्हणाले.

मला ते उत्तर पटलेलं नाही. मी तसं तोंडावर सांगितलंही आहे. अर्लने मला एकदा सांगितलं, कुत्र्यांनी कोयोट पाडला की 'मॅनिक', म्हणजे माणिकराव, पाठ फिरवून उभा राहतो आणि सगळं संपेपर्यंत आपले बूट बघत असतो. मी माणिकरावांना म्हटलं, "बघवत नाही तर जाता कशाला?"

"पळणं बघायला," ते म्हणाले. "आमच्या वडलांकडं कारवानी जातीचं शिकारी कुत्रं होतं. असंच लांब अंग. ते पळायलं की वडील बोलायचं थांबायचे. आमचे वडील बोलायचं थांबले, हे फक्त तेव्हाच बघितलं मी."

तर त्या शनिवारी हॉर्न वाजला नाही. मी खरवडणी हातात घेऊनच बाहेर गेले. माणिकराव पिकअपमध्ये बसून होते. खोक्याच्या जाळीतून तीनच तोंडं दिसत होती.

"निलंगा?"

"गेली. नदीच्या बाजूला उतार आहे ना, अर्लच्या रानापलीकडं. कोयोट उतारावरून गेला, त्याच्यामागं ती. बाकीचे वळून आले."

"जखमी?"

"कळायला दिसायला तर पाहिजे! ही डोळ्याची कुत्री, वहिनी. दिसतंय तोवर यांच्यासारखं कुणी नाही. दिसेनासं झालं की शहरात हरवलेल्या पोरासारखं होतं यांचं."

मग त्यांनी मला इथल्या शिकाऱ्यांची रीत सांगितली. कुत्रं हरवलं की शोधत हिंडायचं नाही. जिथे सोडलं तिथे आपल्या अंगातला कोट जमिनीवर टाकायचा आणि घरी जायचं. कुत्रं फिरून फिरून सोडल्या जागी येतं, मालकाचा वास लागला की तिथंच बसून राहतं. सकाळी जाऊन उचलायचं. अर्लची कुत्री अशी कितीदा तरी परत मिळाली आहेत.

मी त्यांच्याकडे बघितलं. कोट त्यांच्या अंगात होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"मग तुम्ही काय टाकलंत?"

त्यांनी समोरची काच हातानं पुसली. काच स्वच्छच होती.

"हिचा स्वेटर."

त्यांच्या बायकोला, प्रमिलाला, जाऊन दोन वर्षं झाली होती. कॅन्सर. शेवटचे चार महिने मी रोज ड्यूटी संपली की तिच्याकडे जात असे. बाकीची कुत्री अंगणात, पण निलंगा तिच्या पलंगाशी असायची. प्रमिलाचा हात खाली लोंबायचा आणि निलंगा त्याखाली डोकं घालून बसायची. मी इंजेक्शन द्यायला गेले की माझ्यावर गुरगुरायची. प्रमिला म्हणायची, "चावू दे एकदा, म्हणजे माझ्याऐवजी हिच्याकडे लक्ष जाईल सगळ्यांचं."

"माझ्या कोटाला ती येणार नाही," माणिकराव म्हणाले. "त्याला चारी कुत्र्यांचा वास, डिझेलचा वास. ती हिची. म्हणून घरी जाऊन तो आणला."

"कुठे होता?"

"प्लॅस्टिकच्या पिशवीत. वर रबर लावून. ती गेली त्या दिवशी खुर्चीवर होता, तसाच ठेवला. एकदाही उघडली नाही पिशवी. उघडली की उडून जातंय ना."

माझ्या हातातल्या खरवडणीवरून पाणी ठिबकत होतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "वास किती तास टिकतो हो?"

"ते आम्हाला शिकवत नाहीत."

"रेडिओवर बर्फ सांगितलाय. आत्ता गेलो तर स्वेटर उचलून आणता येईल. पिशवीत घालून रबर लावलं तर राहील थोडा. पण मग ती आली तर तिथं काहीच नसणार. आणि ठेवला आणि ती आलीच नाही, तर..." ते थांबले. "तुम्ही सांगा."

लोक मला असं विचारतात. डॉक्टर काय म्हणाले ते नको, तुम्ही सांगा. मी कधी सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं.

"असू द्या तिथेच."

"असू द्या म्हणता?"

"हो. आणि आता घरी जाऊन बाकीच्या तिघांना खायला घाला."

त्यांनी गाडी सुरू केली. 'बाकी तुमची मर्जी' म्हणाले नाहीत. मी फ्रीजर पुसला, तो अनोळखी डबा न उघडताच फेकून दिला आणि लवकर झोपले.

सकाळी सहाला उठले तर तीन बोटं बर्फ पडला होता. माझी ड्यूटी सातची. गाडी हॉस्पिटलकडे न वळवता अर्लच्या रानाकडे घेतली. उजाडत होतं. पिकअप रस्त्याच्या कडेला उभी होती आणि माणिकराव तिच्यापासून वीस पावलांवर, बर्फात उकिडवे. त्यांच्यासमोर निलंगा वेटोळं करून पडलेली. पाठीवर बर्फाचा थर. अंगाखाली निळा स्वेटर.

"उठत नाही," ते म्हणाले. "मी हात लावला तर बघते नुसती."

मी तिला चाचपलं. हाडं धड, कुठे फाटलेलं नव्हतं, कान थंडगार, आणि सगळं अंग थरथरत होतं. या जातीच्या अंगावर केस असून नसून सारखे. तिला थोडं उचलून मी खालचा स्वेटर ओढून काढला.

"वहिनी," माणिकराव तोंड दुसरीकडे करून म्हणाले, "बघा की जरा. आहे का?"

मी स्वेटर नाकाशी धरला. चांगला दोनदा धरला. ओल्या कुत्र्याचा वास होता, मातीचा होता. पेशंटशी मी खोटं बोलत नाही.

"निलंगाचा आहे," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

त्यांनी निलंगाच्या पाठीवरचा बर्फ हातानं झाडला. मग म्हणाले, "म्हणजे हिचा वास पोचला तिला."

"पोचला."

स्वेटर वरून ओला होता, पण आतून, तिच्या पोटाशी होता तिथे, अजून गरम होता. मी निलंगाचा पुढचा एक पाय एका बाहीत घातला, मग दुसरा, हात न उचलणाऱ्या पेशंटला घालतो तसा, आणि पाठीवर बटणं लावली. वरची तीन लागली, खालची लागेनात. तिला माझ्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं, हीटर पूर्ण सोडला आणि माणिकरावांच्या पिकअपमागून त्यांच्या घरापर्यंत नेलं. वॉर्डवर पोचायला पाऊण तास उशीर झाला.