परसदारचे निशाचर

निशाचर प्राणी माणसाच्या जितका जवळ राहतो, तितका तो कमी दिसतो, हे सर्वमान्य सत्य आहे. परसात उदमांजर फिरतं हे बायकोला छपरावरच्या धडधडीवरून कळलं; नवऱ्याला तिच्या कटकटीवरून.

नवऱ्याने प्रश्न तातडीने हाती घेतला, म्हणजे कॅमेरा मागवला. (उदमांजर हटवायचं नव्हतं, ते असल्याची खातरजमा करायची होती. मोठमोठ्या कचेऱ्यांत हीच पद्धत आहे.) समोर काही हललं की हा कॅमेरा अंधारातही आपोआप करडा फोटो काढी.

“पण ते बाळाला चावलं तर?”

“तर फोटो असेल ना!” म्हणत नवरा मागच्या दाराबाहेर कॅमेरा ठोकून कामावर पळाला.

रोज सकाळी दीड वर्षाच्या लेकीला भरवताना ती फोनवर ते फोटो दाखवू लागली. घासागणिक एक. ढोबळ आकडेवारी अशी: निम्म्या फोटोंत नुसती शेपूट, पाव हिश्श्यात दोरीवरचं दुपटं आणि बाकीच्यांत एक मोठा प्राणी. दोन पायांवर चालणारा, चकाकत्या डोळ्यांचा, पाठीवर बॅग. (आहार: फ्रिजमध्ये झाकून ठेवलेलं.) पिल्लू झोपल्यावर हा परततो, ते उठण्याआधी पसार होतो. त्याच्यापुढे उदमांजर म्हणजे अगदीच माणसाळलेलं.

“हे कोण गं?”

“माऊ!”

“आणि हे?”

“बाबा!”

तिचा जीव भांड्यात पडला. पोर बापाला ओळखेल ना, हा घोर तिला कधीपासून लागला होता. उदमांजराचा नंबर त्यानंतरचा.

मग बऱ्याच महिन्यांनी नवऱ्याला सुट्टी मिळाली. सकाळच्या लख्ख उन्हात त्याने लेकीपुढे हात पसरले. लेकीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं.

“अगं, मी बाबा!” तो रडवेला झाला. “ही अशी काय करते?”

“रंगीत आहेस ना तू,” ती म्हणाली.

तिने पडदे ओढले, त्याच्या पाठीला बॅग अडकवली आणि त्याला दारात उभं केलं. लेकीने हुंदका गिळला. निरखून पाहिलं. “बाबा!” म्हणत ती झेपावली. त्या दिवशी पडदे कुणीच उघडले नाहीत.

वाचकांचं हसून झालं असेल, तर एक विनंती. आज घरी पोहोचल्यावर क्षणभर दारातच थांबा आणि तुम्हाला कोण ओळखतं ते पाहा. (कॅमेऱ्याने ओळखलेलं धरत नाहीत.)