पिल्ले स्वबळावर उडेपर्यंत

कोणत्याही जमिनीवर इमारत उभी राहण्याआधी तिथे कोणीतरी राहत असतं, हे बांधकामशास्त्रातलं सर्वांत गैरसोयीचं सत्य आहे. ते कोण राहतं, किती राहतं आणि त्याला तिथून सन्मानाने कसं काढावं, हे ठरवायला बांधकामापूर्वी वन्यजीव व अधिवास पाहणी करावी लागते. ती आमची कचेरी करते. आजवर शंभर जागा पाहिल्या, त्यांपैकी ब्याण्णव जागी एकही उल्लेखनीय जीव आढळला नाही. (उरलेल्या आठ जागी आढळले, कारण ते आमच्या अंगावर धावून आले.)

पाहणीचं नियोजन म्हणजे पोरखेळ नव्हे. आधी टेबलाशी बसून जुने नकाशे चाळायचे. मग जागेवर जाऊन झुडपांतून फिरायचं आणि कुठे विष्ठा दिसली की एकमेकांचं अभिनंदन करायचं. शेवटी संध्याकाळी खुर्च्या टाकून एखाद्या छपराकडे डोळे लावून बसायचं. पगार घेऊन छपराकडे बघत बसण्याची सोय दुसऱ्या कुठल्या खात्यात असेल तर मला कळवावं.

यंदाची जागा म्हणजे एका बंद कारखान्याचं आवार. बिल्डरला तिथे बारा मजले चढवायचे होते. सॅम्पल फ्लॅट तर त्याने आधीच बांधून ठेवला होता. बाकी आवारात गवत, आटलेलं तळं, थोडी झाडं आणि फाटकाजवळ एक कौलारू खोली. खोलीत चौकीदार आणि त्याची बायको. तिला सगळेच वहिनी म्हणत. वहिनींना आठवा महिना लागला होता. आमच्या तक्त्यात सस्तन प्राण्यांचा रकाना आहे, पण त्यात माणसं धरायची पद्धत नाही. (एका नवख्याने एकदा धरली होती. त्याला हिशेब खात्यात हलवलं.)

तर त्या खोलीच्या आढ्याला वटवाघळं निघाली. तीही साधीसुधी नव्हेत, बाळंतपणाला आलेली. एकशे चाळीस माद्या, झाडून सगळ्या पोटुशा. बिल्डरचं धाबंच दणाणलं, कारण याबाबतीत नियम फार हळवा आहे. गाभण वटवाघळांना हलवू नये, दचकवू नये, आणि पिल्ले स्वबळावर उडेपर्यंत त्यांच्या निवाऱ्यास हात लावू नये. मी तो दोनदा मोठ्याने वाचला. वहिनींना मात्र खोली सोडायला आठ दिवसांची मुदत मिळाली होती. त्यांच्याबद्दल नियम काही बोलत नव्हता, आणि बिल्डर काही नियमाबाहेर वागणारा माणूस नाही.

उलट आमच्या कचेरीने शिफारसच केली, की माणसांच्या वावराने मातांच्या मनावर ताण येतो, सबब खोली ताबडतोब रिकामी करावी. चौकीदार म्हणाला, इतकी वर्षं आम्ही खाली आणि त्या वर, कधी भांड्याला भांडं लागलं नाही. विधान अशास्त्रीय असल्याने नोंदवलं गेलं नाही. वहिनींनी गाठोडं बांधलं आणि पोट सांभाळत रस्त्यापलीकडे भावाच्या घरी गेल्या. तिथे आधीच सहा माणसं दोन खोल्यांत. भावजयीने पाणी द्यायच्या आत विचारलं, किती दिवस?

आता गंमत बघा. दोनच दिवसांत सगळ्या माद्या उठल्या आणि थेट सॅम्पल फ्लॅटच्या खोट्या छतात जाऊन लटकल्या. आयत्या बिळात नागोबा ऐकला होता, इथे एकशे चाळीस बाळंतिणी शिरल्या. नियमही त्यांच्यासोबत गेला. फ्लॅट उघडता येईना, झाडता येईना, गिऱ्हाइकाला दाखवता येईना. नव्या कोऱ्या सोफ्यावर वरून जे काही पडत होतं, तेसुद्धा पुसता येईना. बिल्डरच्या तोंडचं पाणी पळालं.

आम्ही खोलवर अभ्यास केला. वहिनींची चूल आढं ऊबदार ठेवत होती आणि दारातला दिवा किडे गोळा करत होता. म्हणजे आचारी, वाढपी सगळं घरचंच. अहवालाला पुरवणी जोडली. अधिवासाचे आवश्यक घटक: चूल, दिवा आणि ते पेटवणारी व्यक्ती. अशा रीतीने वहिनींचा उल्लेख आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या सरकारी कागदात आला, अर्थात दिव्यानंतर.

बिल्डर स्वतः गाडी घेऊन त्यांना आणायला गेला. मी सोबत होतो. वहिनी उंबऱ्यातच बसल्या होत्या, पाय सुजलेले. बिल्डरने ताई म्हटलं, मग माउलीही म्हटलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा बघू."

मी नियम वाचून दाखवला.

"मग आमच्याबद्दल तेच लिहा. एक शब्द बदलायचा नाही."

मी लिहिलं. बिल्डरने गाडीच्या टपावर कागद ठेवून न वाचताच सही ठोकली. संध्याकाळी चूल पेटली आणि दोन दिवसांत माद्या मुकाट्याने परत आल्या.

पुढचं सगळं यथासांग पार पडलं. वटवाघळांची पिल्लं दीड महिन्यात उडाली. त्यांच्यासाठी नव्या इमारतीच्या गच्चीवर लाकडी पेट्या मंजूर झाल्या. वहिनींना मुलगी झाली. त्यांच्यासाठी पेटीची तरतूद नाही, पण सही केलेला कागद आहे, आणि पोर अजून मानही धरत नाही. तोवर खोली जागेवर, आणि बिल्डर रोज तिला वळसा घालून जातो.

अडचण आहे ती फक्त तुमची. जाहिरातीत वटवाघळांचा शेजार वाचून तुम्ही भारावलात, मुलांना निसर्ग कळेल म्हणालात आणि लगेच फ्लॅट बुक केलात. तुमचं पार्किंग नेमकं त्या खोलीवर येतं. दर रविवारी तुमचा फोन येतो. प्राण्यांवर तुमची माया खरी आहे, पहिल्यांदा तुम्ही वटवाघळांचीच खुशाली विचारता. मग आवाज जरा खाली आणून म्हणता, "आणि ते पोर? उडालं का हो?"