डिम्फना मलाकीच्या स्वयंपाकघरातून जाते

मलाकी ट्वोही चहाचा पहिला घोट घेतोय तोच शेजारची नोरीन दारात उभी. डोळे रडून सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"मलाकी, उद्या अकरा वाजता आई तुमच्या स्वयंपाकघरातून जाणारेय."

नोरीनची आई, म्हातारी डिम्फना, आदल्या दिवशी वारली होती. सांडपाण्याच्या चरावरून तिचं आणि मलाकीचं बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

"माझ्याच स्वयंपाकघरातून? का म्हणून?"

"जुन्या मढेवाटेनंच न्या, असं बजावून गेलीय. आणि त्या वाटेवर तुम्ही ही नवी खोली काढलीत."

चाळीस वर्षांत त्या वाटेनं कुणी गेलं नव्हतं. पण त्या वाटेवर शवपेटी अडवणारा वर्षाच्या आत त्याच वाटेनं जातो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. मलाकी असल्या गोष्टींना हसायचा. मात्र सत्तरी ओलांडल्यापासून जरा बेतानंच हसायचा.

"मागचं दार उघडं ठेवतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहा खांदेकरी पेटी घेऊन आत शिरले आणि फ्रिजपाशी अडकले.

"कोलमन, उचल की तुझी बाजू!"

"कुठं उचलू? वर कपाट आहे!"

"मग मागं घ्या."

"मढं मागं फिरवतात होय रे, गाढवा!"

शेवटी पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली. पेटी टेकली की त्या घरानं खांदेकऱ्यांना चहा पाजायचा, ही रीत. बाहेर पाऊस, त्यामुळे खांदेकऱ्यांमागून सगळा गाव आत आला. किटली नऊदा चढली. पाव संपला, आठवड्याचं हॅम संपलं, नाताळसाठी जपलेली व्हिस्कीही संपली. डिम्फनाच्या गोष्टी निघाल्या. ती पाद्र्याच्या सायकलवर बसून बाजारात गेली होती, ती गोष्ट कोलमननं चुकीची सांगितली. मलाकीला राहवेना. त्यानं ती पहिल्यापासून नीट सांगितली आणि शेवटी डोळे पुसले.

मग फ्रिज अंगणात गेला, पेटी पुढच्या दारानं बाहेर पडली. तिला एका बाजूनं मलाकीचा खांदा होता.

दफन झाल्यावर त्यानं नोरीनला हळूच विचारलं, "वाट नक्की माझ्या घरातूनच जाते ना गं?"

"छे! ती ओढ्यापलीकडून जाते. आईनं मरायच्या आदल्या दिवशी सांगितलं मला."

"मग हा सगळा खटाटोप?"

"ती म्हणाली, बोलावलं तर मलाकी काही यायचा नाही. आपणच जाऊ."