शेळीला न उघडणारं फाटक

विंझरच्या अलीकडच्या वाडीतल्या शाळेत तंत्रज्ञान शिकवायची पेटी आली आणि त्याच दिवशी कपाटात बंद झाली. पेटीत हातोडी, पेचकस, चाकं, कप्प्या असा पोरांनी हात लावावा असाच ऐवज होता. पण केंद्रप्रमुख मानसिंगरावांनी झाकणावर कागद डकवला, 'लेखी परवानगीशिवाय उघडू नये.' तपासणीला एक खिळा कमी भरला तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल.

चौथीला शिकवणाऱ्या सुलक्षणाबाईंचा स्वभाव मुळात मान तुकवणारा नव्हता. वस्तू बनवायला शिकवायचं आणि अवजार दाखवायचं नाही, म्हणजे विहिरीत न उतरवता पोहायला शिकवणं. त्यांनी तीनदा परवानगी मागितली. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी चौथीच्या पोरांनाच विचारलं, शाळेत सगळ्यात जास्त त्रास कशाचा?

"ठकुबाईच्या शेळीचा," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

शेळी रोज फाटक ढकलून आत यायची आणि पोरांनी लावलेली मेथी फस्त करायची. प्रेरणानं चित्र काढलं, बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढल्या. तीन आठवडे खपून पोरांनी जुन्या विहिरीची कप्पी आणि वाळू भरलेला तेलाचा डबा जोडला. फाटक सोडलं की डब्याच्या वजनानं आपोआप लागायचं आणि कडी पडायची. शेळी काही कमी नव्हती. दोन दिवसांत ती तोंडानं कडी उचलायला शिकली. मग पोरांनी हनुमंताच्या गॅरेजातून पेचकस मागून आणला, कडीवर लाकडी खोकं बसवून चार स्क्रू आवळले आणि कडी उचलायची दोरी माणसाच्या उंचीवर काढली. शेळी बाहेर उभी राहून ओरडू लागली. बाईंना नोकरीत इतकं समाधान कधी झालं नव्हतं.

बाईंनी पाठवलेला फाटकाचा फोटो मानसिंगरावांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल थेट शाळेच्या अंगणात घातली. मागे फाटक लागलं.

"मॅडम, हे भंगार आजच्या आज काढा. नमुना पेटीवरच्या चित्रासारखाच पायजे."

"पेटी बंद आहे, साहेब."

"ती बंदच राहील."

"मग फाटकही राहील," बाई म्हणाल्या. "नोटीस द्या, मी घेते. पण पोरांचं काम मी मोडणार नाही."

पोरं फाटकाजवळ गोळा झाली. तीन आठवड्यांची मेहनत जाते की राहते, एवढंच त्यांना कळत होतं. मग मीच मोडतो म्हणत साहेबांनी दोरीला जोराचा हिसका दिला. दोरी तुटून त्यांच्या हातात आली आणि तिचं दुसरं टोक खोक्यात गडप झालं. फाटक ढकलून पाहिलं, हलेना. जे शेळीला थोपवतं ते केंद्रप्रमुखालाही थोपवतं.

चार वाजता वेल्ह्याला वरच्या साहेबांची बैठक होती आणि साडेतीन वाजले होते. भिंत ओलांडून साहेब कसेबसे गेले असते, पण मोटारसायकल कशी जाणार? गाडीच्या डिकीत एक पाना निघाला, पेचकस नव्हता. हनुमंताला फोन लावला, तर तो सामान आणायला कापूरहोळला गेलेला.

प्रेरणा पुढं झाली. "साहेब, चार स्क्रू काढलं की कडी मोकळी हुती. दोन मिंटाचं काम हाय. पेचकस पायजे फकस्त."

"मग आण की."

"त्यो पेटीत हाय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वर्गातल्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"लेखी लागेल, साहेब. झाकणावर तुमचाच कागद आहे."

साहेबांनी आधी तोंडी सांगून पाहिलं, मग दरडावून पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. शेवटी गाडीच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, 'पेटी उघडून वापरण्यास परवानगी आहे.' खाली सही ठोकली. प्रेरणानं स्क्रू काढले, कडी उचलली, नवी दोरी बांधून खोकं परत आवळलं. साहेब बाहेर पडले आणि फाटक आपोआप लागलं.

विंझर गाठल्यावर त्यांच्या लक्षात आलं, कागदावर तारीख टाकलीच नाही. म्हणजे परवानगी आजची, उद्याची आणि पुढच्या वर्षाचीसुद्धा. बैठकीला उशीर होणार हे माहीत असूनही ते तसेच मागे फिरले. आत पोरं पेटी पालथी घालून बसली होती आणि फाटकाबाहेर शेळी उभी होती. तिच्या शेजारी साहेबांनी गाडी लावली.

"मॅडम, तेवढी तारीख टाकायची राहिली. कागद बाहेर आणा."

"आत या ना, साहेब," बाई ओट्यावरूनच म्हणाल्या. "इथं बसून टाका."

साहेबांनी फाटकाकडे पाहिलं, नव्या दोरीकडे पाहिलं आणि गाडी वळवली.