लोहयुक्त

माणूस बोलायला शिकतो तो दुसऱ्या वर्षी, आणि काय बोलू नये हे शिकतो तो पहिली पगारवाढ हुकल्यावर. इलोइलो शहरातल्या, लहान मुलांसाठी बिस्किटं बनवणाऱ्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांचा हा मधला काळ वाया जाऊ नये म्हणून 'नीती व संवाद विभाग' उघडला आणि रुफो पालमारेस यांना त्याचं प्रमुख नेमलं. विभागात प्रमुख तेवढे होते. (त्यामुळे विभागात कधीच मतभेद झाला नाही.)

इलोइलोची माणसं मुळातच गोडबोली. इथे शिवीसुद्धा अंगाई म्हटल्यासारखी देतात. रुफोंनी या उपजत गुणाला शिस्त लावली. त्यांच्या नियमावलीप्रमाणे कंपनीत 'चूक' होत नसे, 'शिकण्याची संधी' चालून येई. यंत्र बिघडत नसे, 'विश्रांती घेई'. कोणाला कामावरून काढत नसत, 'कुटुंबासोबत वेळ घालवायला मोकळं' करत. एका पाहणीनुसार शंभरातले सत्त्याण्णव कर्मचारी या भाषेवर समाधानी होते. (उरलेले तिघे पाहणी संपायच्या आतच कुटुंबासोबत वेळ घालवायला गेले.)

रुफोंना स्वतःला हे हास्यास्पद वाटत नसे का? वाटे. पण पंधरा तारखेला आणि महिनाअखेरीस, पगाराच्या दिवशी, जरा कमी वाटे.

एका मंगळवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख फेलिसाबाई दार न वाजवता त्यांच्या खोलीत शिरल्या. वयाने मोठ्या, म्हणून सगळी कंपनी त्यांना 'मानांग', म्हणजे ताई, म्हणे.

"रुफो, दळणाच्या यंत्राचं पातं झिजलंय. पिठात लोखंडाचा कीस पडतोय. पातं मी बदलून घेते, पण आजचा सगळा माल थांबवायला सांग वर."

"मानांग, 'थांबवा' हा शब्द वरच्या मजल्यावर चालत नाही हो."

"मग चालतो तो घाल. पण आत्ता घाल."

रुफोंनी घातला. 'मंगळवारच्या उत्पादनात लोहाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळल्याचं नम्रपणे निदर्शनास आणत आहोत.' वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. चांगलं उतरलं होतं. साहेब 'म्हणजे काय?' असं विचारतील, मग आपण अलगद सांगू, असा त्यांचा हिशेब होता.

सर एल्मर हे मालकांचे जावई, आणि त्या अनुभवाच्या जोरावर व्यवस्थापक. त्यांनी 'म्हणजे काय' विचारलं नाही. 'अभिनंदन' असं कळवलं. शुक्रवारी मंगळवारचा माल बाजारात गेला तेव्हा प्रत्येक पुड्यावर एक लाल चकती होती: 'आता अधिक लोहयुक्त!'

मानांगनी रुफोंना जिन्यातच गाठलं. "हे काय रे?"

"थोडा गैरसमज झालाय, मानांग. सोमवारच्या बैठकीत योग्य शब्दांत मी–"

"अजून शब्द उरलेत तुझ्याकडे?"

उरले होते. म्हणूनच रुफो सोमवारची वाट बघत राहिले.

रविवारी चर्चहून आल्यावर त्यांची लेक रोव्हेना नातवाला, तोतोला, घेऊन जेवायला आली. रुफो निखाऱ्यावरची कोंबडी ताटात वाढत होते. वळून बघतात तर तोतो जमिनीवर फतकल मारून बसलेला, हातात पुडा, पुड्यावर लाल चकती, आणि गाल फुगलेला.

"थुंक!" रुफो ओरडले. "थुंक आधी!"

तेलकट हातानेच त्यांनी पोराच्या तोंडात बोट घातलं. पोराने भोकाड पसरलं आणि बोटाला कडकडून चावा घेतला. बिस्कीट मात्र बाहेर आलं.

"पापा, वेड लागलं का तुम्हाला? तुमच्याच कंपनीचं आहे!"

"अगं, लोखंड आहे त्यात!"

"ते तर वर लिहिलंच आहे! म्हणून तर आणलं. डॉक्टर म्हणाले, तोतोचं रक्त कमी आहे."

"तसलं नाही गं. यंत्राचं. कीस आहे, कीस."

रोव्हेनाने तोतोच्या हातातला पुडा काढून घेतला. "तुम्हाला माहीत होतं?"

असल्या प्रश्नाला द्यायची अकरा मान्यताप्राप्त उत्तरं रुफोंनी स्वतः तयार केली होती.

"हो," ते म्हणाले.

लेकीने पोराला उचललं, पुडा पिशवीत टाकला आणि ती न जेवता निघून गेली. दार तिने हळूच लावलं. ते आपटलं असतं तर बरं, असं रुफोंना वाटलं.

तसेच खरकट्या हाताने त्यांनी साहेबांना फोन लावला. "सर, बिस्किटात लोखंडाचा कीस आहे. पोरांच्या घशात जाईल. माल परत बोलवा."

"रुफो, बरं आहे ना तुम्हाला? असं काय बोलताय?"

"मानांगनी मंगळवारीच सांगितलं होतं. ते गोड मी केलं."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग सर एल्मर म्हणाले, "मग द्या सूचना. साधी, सरळ. नाहीतर आपण दोघेही कुटुंबासोबत वेळ घालवू."

सोमवारी रेडिओवर आणि दुकानादुकानांत सूचना लागली: 'मंगळवारच्या बिस्किटांत लोखंडाचा कीस आहे. मुलांना देऊ नका. पुडे परत आणा.' रुफोंच्या हयातीतलं हे सर्वांत स्वच्छ लिखाण. चाळीस हजार पुड्यांपैकी एकोणीस परत आले.

फोन मात्र पुष्कळ आले. एक गृहस्थ म्हणाले, "कंपनी इतकं खरं बोलतेय, म्हणजे आतली भानगड वेगळीच असणार." एका बाईंनी विचारलं, "आणि तांबंवालं कधी काढताय?"

बुधवारी मानांग आल्या. या वेळी त्या खुर्चीत बसल्या. "रुफो, काढ बाबा तुझे ते शब्द. पोरं खातायत अजून."

रुफोंनी लिहिलं: 'लाल चकतीचा एक पुडा आणा, दोन पुडे घेऊन जा! साठा संपेपर्यंतच!'

दुपारपर्यंत कारखान्याच्या फाटकापासून चर्चपर्यंत रांग लागली. लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पुडे मागून घेऊन आले. ढकलाढकलीत एकाची चप्पल तुटली. रांगेत रोव्हेनाही होती. तिने आपला फोडलेला पुडा टेबलावर ठेवला, बदल्यातले दोन घेतले नाहीत, आणि बापाकडे न बघता गेली. रुफो तिच्या मागे चार पावलं गेले. बोलायला साधंसं काही सुचेना, म्हणून परत फिरले.

चाळीस हजारांपैकी जवळजवळ सगळे पुडे परत आले. कोणाच्या पोराला काही झालं नाही. कंपनीने या प्रकाराची नोंद 'ग्राहकांशी खुला संवाद' अशी केली.

वाचकहो, इलोइलोच्या त्या भाबड्या लोकांना खुशाल हसा. फक्त जागेवरून उठू नका, फडताळ उघडू नका, आणि बसल्या बसल्या सांगा: तुमच्या घरातल्या बिस्किटांत काय काय घातलेलं आहे?

बरं, ते राहू द्या. त्या बिस्किटांवर काय फुकट आहे?