मूसशिंगाची मोहीम, अर्थात गॉड्रो यांचे गुऱ्हाळी रीसेटचा बंदोबस्त

श्री चुलाणधनी समर्थ. व्हर्माँट प्रांती, उत्तरेकडील डोंगरी तर्फेत, गॉड्रो घराण्याचे गुऱ्हाळी, जेथे मेपल झाडांचा रस आटवून काकवी करितात, जे वर्तमान गुदरले, त्याविषयी लोक भलतेच काही सांगत फिरतात, म्हणोन यथास्थित लिहून ठेविले असे. वाचणारांनी चुलीवरचे दूध आधी उतरवावे आणि मग बैसावे.

रात्री गोठण आणि दिवसा ऊन ऐसा मोसम लागला, आणि झाडांचा रस नळ्यांवाटे उतरू लागला, आणि टाकी काठोकाठ भरली. गुऱ्हाळाच्या खाशा धनीण ओडेट गॉड्रो बाईसाहेब; त्यांचे वडील बंधू राजश्री लुसियाँ गॉड्रो, टेलिफोन खात्यातून निवृत्त, हे कढईपाशी खुर्ची टाकून रसाची पातळी राखण्याचे कामी नामजाद. गतसाली राजश्रींस खुर्चीत डुलकी लागली, आणि रस आटला, आणि कढई जळाली, आणि धूर शेजारच्या मुलखापर्यंत गेला. तेव्हां बाईसाहेबांचे फर्मान सुटले जे, यंदा पातळीचा पक्का बंदोबस्त न जाहल्यास खुर्ची जप्त, आणि राजश्रींनी बाहेर थंडीत लाकडे वाहावी. राजश्रींस कंबरेचे दुखणे आणि खुर्चीचा लोभ, दोन्ही जबर. मग त्यांनी विडा उचलिला जे, बाजारची तयार पेटी आणणे नामुष्कीचे. मायक्रोकंट्रोलरचा सर्किट बोर्ड आपण खासा आखू. कढईतील रस उतरताच तो टाकीच्या पंपास हुकूम देईल आणि कढई भरताच थांबवील.

नकाशा सिद्ध होताच तपासणीस वेंडेल स्टॅनर्ड, पेशजी रस्तेखात्याचे अभियंते, राजश्रींचे जिवलग आणि परम टीकाकार, यांस पाचारण जाहले, आणि स्वयंपाकघराचे मेजावर मोठी मसलत बैसली. विजेचा पुरवठा, पंपाची रिले, तांब्याच्या वाटा, यांची कसून झडती व्हावी. ती राहिली बाजूस, आणि उभयतांची नजर खिळली ती राजश्रींनी बोर्डाच्या कोपऱ्यात हौसेने रेखिलेल्या मूसावर. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, शिंगे सुपाएवढी; त्या प्रांती त्याचा मान फार. या मूसाचे डाव्या शिंगावर एक रेझिस्टर बैसला होता.

“अरे, याचं शिंग मोडलंय,” वेंडेल म्हणाले. “असा मूस शिकारीत मिळाला तर मी शेजारी उभा राहून फोटोसुद्धा काढणार नाही.”

“शिंग नाही मोडलेलं. तो रेझिस्टर आहे.”

“मूसाला रेझिस्टर कशाला? काढ तो. आणि ती रीसेटची तार त्याच्या नाकावरून नको नेऊस, शिंगांना वळसा घालून ने.”

सदरहू रेझिस्टराचे काम इतुकेच जे, चिपच्या रीसेटची तार ताठ उभी धरणे. ती तार क्षणभर जरी वाकली तरी चिपची शुद्ध हरपते आणि ती मागचे सारे विसरून नव्याने जागी होते. हे राजश्रींस ठाऊक होते. परंतु चिपच्या पोटात तैसाच एक रेझिस्टर असतो, अशक्त का होईना, त्यावर निभावेल, ऐसे मनाशी ठरवून त्यांनी रेझिस्टर काढिला, तार शिंगांभोवती वळविली आणि शिंग राखिले. मग बोर्ड कारखान्यातून घडून आला आणि मेजावर निर्वेध चालला, आणि उभयतांनी परस्परांची तारीफ करून अ‍ॅपल पाय खाऊन संपविला.

मग बोर्ड गुऱ्हाळी रुजू जाहला आणि आकांत वर्तला. रस उतरला, बोर्डाने पंपास हुकूम दिल्हा, पंपाची मोटर गरजली, आणि त्या गर्जनेसरशी बोर्ड मूर्च्छित पडिला. तो पडताच पंप थांबला. पंप थांबताच बोर्ड जागा जाहला, रस उतरला पाहोन पुन्हा हुकूम दिल्हा, आणि पुन्हा पडिला. बाईसाहेब हाताने झडप उघडून, धारेधारेने रस सोडून कढई वाचवीत उभ्या.

“तुझ्यावरच गेलाय हा,” त्या म्हणाल्या. “काम सुरू झालं की झोपतो.”

“ओडेट, थोडा वेळ दे.”

“मी देईन रे. ऊन देणार नाही. टाकीतला रस आंबला तर वर्षाची काकवी गेली. दुपारपर्यंत बघते, मग तुझी खुर्ची चुलाणात घालते.”

तेव्हां राजश्रींनी एकेक संशयित धरून जाबसाल आरंभिला. प्रथम वीजपुरवठा बदलिला, बोर्ड पडिला. मग मोटरीस स्वतंत्र तार दिल्ही; बोर्ड पडिला. वेंडेल यांनी प्रोग्रॅमवर तोहमत ठेविली, म्हणोन तो ओळीओळीने वाचिला; तो निर्दोष निघाला आणि वेंडेल नाराज जाहले. मग राजश्रींनी पंप मुळीच बंद करविला आणि एकेक जागी बोट टेकवीत निघाले. चिपपाशी टेकविले, काही नाही. रिलेपाशी टेकविले, काही नाही. मूसाचे शिंगाचे टोकास टेकविले मात्र, आणि बोर्ड पंपावाचूनच गतप्राण.

राजश्रींस उमगले. तो तारेचा लांब वळसा मोटरीची कुरकुर झेलीत होता आणि तारेस धरून ठेवणारा कोणी नव्हता. हे बोलावे तर बाईसाहेब ऐकतात, न बोलावे तर रस आंबतो. शेवटी घसा साफ करून बोलिले.

“एक रेझिस्टर कमी आहे. मी काढला होता.”

“का?”

“शिंगावर येत होता.”

बाईसाहेबांनी वेंडेल यांजकडे पाहिले. वेंडेल यांनी छताकडे पाहिले.

“हरणासाठी,” त्या म्हणाल्या. “माझी टाकी हरणासाठी आंबतेय.”

“मूस आहे तो,” वेंडेल हळूच म्हणाले, आणि तत्काळ आपले गाडीतील डब्यातून रेझिस्टर आणावयास धावले.

मग निर्वाणीचा प्रसंग. राजश्रींनी सुरी घेऊन रीसेटची वाट चिपच्या पायापाशीच छाटिली, त्यामुळे शिंगांचा सारा मुलूख फुटून निराळा पडिला. आणि चिपच्या पायावर रेझिस्टर उभा करून त्याचे दुसरे टोक विजेशी सांधावयाचे, तो कढईची वाफ चष्म्यावर बैसली. डाख देण्याची कैया तापलेली, हात अडकलेले. तेव्हां बाईसाहेबांनी एक हात झडपेवर ठेवून दुसऱ्या हाते पदराअभावी एप्रनने बंधूंचा चष्मा पुसिला, आणि पुन्हा नाकावर चढविला. डाख बैसला.

पंप गरजला. बोर्ड उभा राहिला. रस चढला, पंप थांबला. रस उतरला, पंप गरजला. आणि बोर्डाचा हिरवा दिवा मिटला नाही. बाईसाहेबांनी झडप सोडिली आणि हात झटकला. फत्ते जाहली. ताज्या काकवीची धार बर्फावर ओतून, त्या प्रांतीचे रिवाजाप्रमाणे डोनट आणि आंबट काकडीसमवेत, सर्वांचा सन्मान जाहला. राजश्री समाधानाने खुर्चीकडे वळले.

“आता तिथे बसून काय करणार?” बाईसाहेबांनी विचारिले. “पातळी तो बघतोय की.”

राजश्रींनी बोर्डाकडे पाहिले, वेंडेल यांजकडे पाहिले, आणि हातमोजे चढविले.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. रस एक थेंब आंबला नाही. खुर्ची जप्त न होता राजश्रींचेच नावे बहाल राहिली, तिजवर बाईसाहेबांचे मांजर निजते. आणि राजश्री लुसियाँ गॉड्रो, विजयी, बाहेर लाकडे वाहतात. हे लिहिले सही.